दोन सेकंद धरून ठेवा

शितलच्या टेबलासमोर भिंतीवर चार ओळींचा एक कागद चिकटवलेला होता.

१. थांब
२. भट्टी
३. पडदा
४. नोंद

फुगे बनवणाऱ्या एका मशीनसाठी तिने लिहिलेल्या प्रोग्रामची ही चार कामं. चिप एकच, अंगठ्याच्या नखाएवढी. ती चौघांनी वाटून घ्यायची. वाटणी करून देणारी एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम होती. फुकटची, जगभरातल्या अनोळखी माणसांनी मिळून लिहिलेली, आणि तिची ओळ न् ओळ कोणालाही उघडून वाचता येईल अशी. शितलने ती वाचली होती. तिचा नियम साधा. वरच्या नंबराचं काम आलं की खालचं काम असेल तिथे, अर्ध्या वाक्यात थांबतं. वरचं आटपलं की खालचं त्याच अर्ध्या वाक्यापासून पुढे चालू.

'थांब' सगळ्यांच्या वर. मशीनची दोरी कोणी ओढली, की बाकी तिघांनी हातातलं टाकून बाजूला व्हायचं.

४. नोंद

सोमवार, १२ फेब्रुवारी २०१८. दुपारचे बारा वाजून गेले होते. तळासरीच्या आपल्या घरात शितल बसली होती ती खुशीत. काम झालं होतं, तसं लिहून दिलेल्या कागदावर तिची सहीही झाली होती. आता फक्त चार दिवसांत काय घडलं ते लिहून काढायचं, म्हणजे पुढच्या कारखान्याला दाखवायला बरं.

कारखाना डहाणूच्या बाहेर, कैनाडच्या रस्त्याला. मालक दीपेशभाई. मशीन म्हणजे एक लांबलचक साखळी आणि तिच्यावर उलटे टांगलेले काचेचे साचे. साचे रबराच्या चिकात बुडतात, भट्टीतून जातात आणि बाहेर येतात तेव्हा प्रत्येकावर एक फुगा घट्ट बसलेला असतो. पुढे अकरा बाया एका रांगेत उभ्या. हाताला पांढरी पावडर लावून त्या हे फुगे ओढून काढतात. साखळी थांबत नाही. दुपारी एक ते दीडच्या सुट्टीत बाया जेवायला जातात तेव्हाही ती हळू चालूच ठेवतात, कारण थांबली की भट्टीत असलेले फुगे जळतात.

बायांच्या डोक्यावरून, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दोरी गेलेली. कुठूनही हिसका दिला की टोकाचा स्विच दाबला जातो आणि साखळी थांबते. म्हणजे थांबायला हवी. नऊ वर्षांपूर्वी कोणीतरी त्या स्विचची वायर काढून ठेवली होती आणि कोणाला तिची आठवणही नव्हती. शितलला ती शुक्रवारी, मशीनचं जुनं पॅनेल काढून आपलं नवं लावताना सापडली. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, आत ती आणि सुपरवायझर तात्या दोघंच.

"दोरी जिवंत नसेल तर मी पॅनेल लावणार नाही," असं ती तात्यांना ऐटीत म्हणाली होती. वायर जोडली, दहा वेळा दोरी ओढली, दहा वेळा साखळी थांबली. दोरी हलल्यापासून मोटर बंद होईपर्यंत चाळीस मिलिसेकंद. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. आणि मग शनिवारी

३. पडदा

मोबाइल वाजला. तात्यांनी मशीनच्या पडद्याचा फोटो पाठवला होता. सकाळपासूनचा तिसरा.

आजचे थांबे: ०

खाली लिहिलं होतं: "एक नंबर बेन. मालक खूश."

४. नोंद

मशीन एकसष्ट वेळा थांबलं. पहिल्याच दिवशी. दर वेळी भट्टीतून जळक्या रबराचा वास, दर वेळी तात्या हिरवं बटण दाबायला धावतायत, आणि पुन्हा चालू केलं की दोन मिनिटांत परत थांबतंय. दीपेशभाईंनी तीन वाजता सगळ्यांना घरी पाठवलं. शितल पोचली तेव्हा शेड रिकामी होती.

"बेन, जुनं पॅनेल धावत होतं. मोडकं होतं पण धावत होतं," दीपेशभाई म्हणाले. "उद्या मशीन बंद ठेवतो. सोमवारी एकदा जरी फुकट थांबलं ना, तर तुमचं काढून जुनं परत लावतो."

तिने तात्यांना विचारलं होतं, "मशीन थांबवायला कोणी दोरी ओढतं का हो?"

"छे! मशीन थांबवायला कोण हात लावतोय?" तात्या म्हणाले. खोटं बोलणारा माणूस नव्हे तो.

म्हणजे नॉइज. जवळच मोठी मोटर आहे, वायर जुनी आहे, दोरीच्या तारेत खोटे झटके येत असणार. नोंदीत तर चिकार झटके होते. अर्धा सेकंद टिकणारे, ओळीने. तिने तो आलेख सिस्टीम लिहिणाऱ्यांच्या फोरमवर टाकला. कोणीतरी सल्ला दिला की गाळणी लाव. रविवारी तिने गाळणी लावली. दोरी सलग दोन सेकंद ओढलेली राहिली तरच खरी. त्याहून छोटा झटका आला तर सोडून द्यायचा. कोडमध्ये तिने शेजारी लिहून ठेवलं:

// नॉइज. दुर्लक्ष.

सोमवारी सकाळी सातला, बाया यायच्या आत, तिने नवा प्रोग्राम चढवला. दोरी ओढून दोन सेकंद धरली. थांबलं. थांब्यांचा आकडा शून्यावर आणला, दोरी चालू झाल्याचं बायांना सांगायला तात्यांना बजावलं, पॅनेलवर एक स्टिकर चिकटवला, 'थांबवण्यासाठी दोरी ओढा व दोन सेकंद धरून ठेवा', आणि स्कूटीवरून घरी येऊन तिने मस्तपैकी

२. भट्टी

बारा चाळीसला फोरमवर एक उत्तर आलं. कुठल्या देशातला माणूस ते कळायला मार्ग नाही, नावाच्या जागी नुसती तीन अक्षरं.

"तुमचा आलेख आत्ता पाहिला. मोटर दिवसभर चालू, पण एक ते दीड एकही झटका नाही. तुमच्याकडे नॉइज जेवायला जातो का?"

शितल हसली. मग हसू तिथेच राहिलं.

तिने शनिवारची नोंद पुन्हा उघडली. खरंच, एक ते दीड कोरं. नॉइजला जेवणाची सुट्टी नसते. आणि झटके दिवसभर सारखे नव्हते, घोळक्याने येत होते. पहिल्या झटक्यापासून दुसरा दीड सेकंदावर. पुढचाही दीड. मग पावणेदोन, दोन, अडीच. मग सरळ दोन-चार मिनिटं काही नाही. मग एक झटका, मशीन थांबल्याची नोंद, आणि लगेच पुन्हा घोळका, सुरुवातीला घाईचा.

आकडे बघून काही उमगेना. टेबलावर एक छोटा बझर पडलेला होता. तिने तो बोर्डाला जोडला आणि नोंदीतली प्रत्येक वेळ त्याच्यावर वाजवली. मोटरचा ठेका असेल तर कानाला कळेल.

टिक. टिक. टिक. टिक... टिक... टिक.

दारात आई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "कोणाचं पोर निजवतेस गं?"

"काय?"

"झोळी हलवल्यासारखं वाजतंय. निजलं बघ आता. हात हळू झाला."

शितलने बझरवर बोट ठेवलं. आवाज बंद झाला.

अकरा बाया. त्यांच्यातल्या एकीचं तरी तान्हं असणारच. सगळ्यांच्या डोक्यावरून जाणारी, नऊ वर्षं मेलेली दोरी. झोळीची दोरी तिलाच बांधली, की जिचा हात मोकळा ती ओढणार आणि पोर हलत राहणार. मशीन थांबवायला कोण हात लावतोय? कोणीच नाही. तात्या खरंच बोलले होते.

आणि मशीन थांबलं की शेड गप्प होते. आवाजात निजलेलं पोर आवाज थांबला की उठतं. बाया झोळी हलवतात. म्हणून एकसष्ट.

ते झटके नॉइज नव्हते. माणसाच्या हाताचे होते. आणि माणसाच्या हाताचा छोटा हिसका कसा ओळखायचा आणि कसा सोडून द्यायचा, ते तिने रविवारी दिवसभर बसून मशीनला शिकवलं होतं.

१. थांब

दीपेशभाई फोन उचलत नाहीत.

तात्यांचा फोन. पाचव्या घंटेला उचलला. मागे साखळीचा खडखडाट.

"बोल बेन! सोन्यासारखं चाललंय."

"तात्या, मशीन थांबवा. लाल बटण दाबा, आत्ता."

"का गं? काय झालं?"

"दोरी चालत नाहीये."

"सकाळी तर चालली!"

"धरून ठेवली तर चालते. तात्या, तिथे झोळी बांधलीय ना? दोरीला?"

"हिरूच्या पोरीची. मग? ती तर कायमच असते."

फोन दुसऱ्या हातात गेला. दीपेशभाई. "शितलबेन, काय गडबड आहे? भट्टी भरलेली आहे. आता थांबवलं तर सगळा माल कोळसा."

तिने सांगितलं. भराभर, अर्धं तुटक. झोळी, झटके, गाळणी.

"म्हणजे त्या झोळीमुळे शनिवारी माझा माल जळला?" दीपेशभाई म्हणाले. "तात्या! बायांना सांगा, आजपासून दोरीला कोणी हात लावायचा नाही!"

"नाही! दीपेशभाई, उलट... ऐका, ती दोरीच त्यांची..."

फोन कट झाला. पुन्हा लावला. बंद. पुन्हा. बंद.

बारा बावन्न. एकला बाया जेवायला बाहेर जातील. दीडला परत रांगेला लागतील. आता त्यांना दोरीला हात लावायचीही मनाई आहे, आणि मनाई मोडून कोणी हिसका दिलाच तर मशीन तो ऐकणार नाही.

लॅपटॉप पिशवीत. आई म्हणाली, "जेवून तरी..." पण स्कूटी निघालेली होती.

झरी गाव. रस्त्यावर खडी. एक तीन.

खडी संपली. एक अकरा.

बोरीगाव मागे. एक वीस.

घोलवडचं फाटक बंद.

पुढे चिकूच्या खोक्यांनी भरलेला टेम्पो, त्याच्या पुढे आणखी दोन. टेम्पोवाला खाली उतरून बिडी ओढत होता. "मालगाडी आहे ताई. मागून अजून एक."

"किती वेळ?"

"गाडी गेली की उघडणार."

शितलने एकदा घड्याळ पाहिलं आणि परत पाहायचं नाही असं ठरवलं. पाहिलं. एक सत्तावीस. तिच्या सिस्टीममध्ये 'थांब'ला कोणी अडवू शकत नसे. सगळ्यात वरचं काम. चाळीस मिलिसेकंद. आणि इथे मालगाडीचे डबे एकामागून एक, सावकाश, मोजता येतील असे जात होते.

३. पडदा

आजचे थांबे: ०

हा फोटो नव्हता. एक एक्कावन्नला ती शेडच्या दारात उभी होती आणि समोरच पॅनेल होतं.

साखळी चालू होती. रांगेत अकरा बाया, कोपरापर्यंत पांढऱ्या. तिने आधी हात मोजले. बावीस.

रांगेच्या मधोमध, खांबाला आणि पाइपला बांधलेली लुगड्याची झोळी. तिची सुतळी दोरीवरून सोडून खांबाला गुंडाळून टाकलेली. झोळीतून रडणं येत होतं. एक तरुण बाई, हीच हिरू असणार, फुगा ओढायची, एक पाऊल मागे जाऊन झोळीला धक्का द्यायची, पुन्हा धावत साखळीकडे. मागे पाहत, घाईघाईत, न बघता साच्यात हात घालत.

"बघा," दीपेशभाई आले, "झोळी सोडली, सगळं व्यवस्थित. तुम्ही एवढ्या उन्हाचं कशाला आलात?"

"मशीन थांबवा."

"बेन..."

"मग तुमच्या डोळ्यांदेखत दाखवते. पाच मिनिटं द्या."

रांगेच्या टोकाला, जिथे साखळी दातांच्या चाकावर चढते तिथे, एक वयस्क बाई होती. कपाळावर गोंदण, हाताला घट्ट बांगड्या. तात्या तिला बुधी म्हणत होते.

"बुधीकाकी," शितल जवळ जाऊन मोठ्याने म्हणाली, "तुमचा हा हात इथे अडकला. काय कराल?"

"ओरडेन."

"मग?"

"या हाताने दोरी ओढेन. पण शेठने नको म्हटलंय."

"आत्ता ओढा. अडकल्यावर ओढाल तशी."

बुधीने दीपेशभाईंकडे पाहिलं. तिने डावा हात वर करून दोरीला जोरात हिसका दिला, आणि लगेच तोच हात खाली आणून स्वतःचं उजवं मनगट धरलं.

साखळी चालत राहिली.

"दोरी का सोडलीत?" शितलने विचारलं.

"हात सोडवायला दुसरा हात नको का? किती हात आहेत मला?"

बाया हसल्या. शितल हसली नाही. दोन सेकंद धरून ठेवा. कोणत्या हाताने? रविवारी, आपल्या टेबलापाशी, ती स्वतः दोन्ही हात मोकळे असलेली बाई होती.

तिने गळ्यातली ओढणी काढली. एक टोक बुधीच्या जागेवरून साखळीवर सोडलं, दुसरं नुसतं चिमटीत धरलं.

"अरे अरे, काय करता!" दीपेशभाई ओरडले.

"काकी, ओढणी आत गेली की ओढा. तशीच, जोरात."

साच्यात ओढणी अडकली. चाकाकडे सरकली. बुधीने हिसका दिला. पुन्हा दिला. पुन्हा. तीन हिसके, तिन्ही खरे, तिन्ही गाळणीत अडकले. शितलच्या चिमटीतून ओढणी सुटली, हवेत सरळ ताणली गेली आणि सापासारखी आत गेली. चाकाभोवती एक वेढा, दोन वेढे. हिरूने तोंडावर पांढरा हात ठेवला. साखळी करकरली, एक साचा फुटला, काच जमिनीवर.

"तात्या!" ही हाक दीपेशभाईंची होती. "बंद करा! बंद!"

तात्या पॅनेलकडे धावले. रांगेपासून लाल बटणापर्यंत चौदा पावलं. शितलने मोजली. तोपर्यंत ओढणीचं दुसरं टोकही दिसेनासं झालं होतं.

मशीन थांबलं.

२. भट्टी

शेड गप्प झाली. इतकी गप्प की भट्टीतले फुगे तडतडताना ऐकू येत होते. जळक्या रबराचा वास पसरला.

झोळीतलं पोर मोठ्याने रडू लागलं. हिरूचा हात सवयीने वर दोरीकडे गेला आणि अर्ध्यात थांबला.

"चूक झोळीची नाही," शितल म्हणाली. ती कोणाला सांगत होती तिलाच कळत नव्हतं. "माझी आहे. सही पण माझीच आहे."

दीपेशभाई चाकाजवळ वाकून बघत होते. ओढणी इतकी घट्ट बसली होती की नख जाईना. त्यांनी आपलं स्वतःचं मनगट एकदा दुसऱ्या हाताने चाचपलं.

"नऊ वर्षं ही दोरी बंदच होती," ते हळूच म्हणाले.

"तेव्हा आम्हाला माहीत होतं बंद आहे," बुधी म्हणाली. "आज चालू आहे म्हणून सांगितलंत."

१. थांब

लॅपटॉप पॅनेलला जोडला. ती ओळ सापडायला वेळ लागला नाही, तिनेच लिहिली होती. गाळणी काढली. शेजारची दोन शब्दांची शेरेवजा ओळही काढली. तात्यांनी पक्कड घेऊन चाकातली ओढणी सोडवायला घेतली, काळी, तेलकट, चिंध्या झालेली. हिरूने पोरीला कडेवर घेतलं होतं. बुधीने त्या चिंध्यांना गाठी मारून झोळीला बांधल्या आणि दोरीपासून चांगल्या हातभर खालून, दुसऱ्या खिळ्यावरून, रांगेच्या बाजूने ओढून बघितल्या. चार बायांपर्यंतच पुरल्या.

"उद्या जुनं लुगडं आणते," ती म्हणाली. "ही आमची. वरची तुझी."

"वरचीही तुमचीच आहे, काकी."

"ते बघू."

प्रोग्राम चढला, पडद्यावरचा आकडा पुन्हा शून्य. स्टिकर शितलने नखाने खरवडून काढला. अर्धा निघाला, 'धरून ठेवा' तसंच राहिलं, मग तात्यांनी त्यावर चिकटपट्टी लावली. हिरवं बटण. साखळी हलली.

"ओढा."

बुधीने हिसका दिला आणि सोडला. अर्धा सेकंदसुद्धा नाही. साखळी जागच्या जागी उभी राहिली, साचे नुसते डुलले.

"चला," दीपेशभाई म्हणाले, "झालं. कामाला लागा."

कोणी कामाला लागलं नाही. बुधीच्या शेजारची बाई पुढे आली. "मला बघायचंय," ती म्हणाली. "माझ्या हाताने थांबतं का."

तात्यांनी मालकाकडे पाहिलं. हिरवं बटण. तिने ओढली. थांबलं. मग तिसरी. मग चौथी, जी ओढताना डोळे मिटून घेत होती. प्रत्येक वेळी तात्या चालू करत, प्रत्येक वेळी कोणीतरी बंद करे. शितल पॅनेलपाशी उभी राहून पाहत होती, आणि पडद्यावरचा आकडा वाढत होता.

"अहो, भट्टीत माल आहे!" दहाव्या वेळी दीपेशभाई म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "पटली ना सगळ्यांना खात्री? बास की आता!"

"शेठ," बुधीने हिरूच्या कडेवरून पोर आपल्याकडे घेतलं, "अजून हिरू राहिलीय."

४. नोंद

१५:०९:४१ थांब. दोरी. ४० मिलिसेकंद.
आजचे थांबे: ११